खिडकीचा शिंपला: काढणी व जपणूक

गोमंतकांतील जुन्या घरांच्या व चर्चांच्या खिडक्या वाचकांनीं पाहिल्या असतीलच. त्यांच्या लांकडी पट्ट्यांत कांचेऐवजीं पातळ, अर्धपारदर्शक शिंपल्यांचे चौकोनी तुकडे बसविलेले असतात. शास्त्रांत या शिंपल्यास 'प्लाकुना प्लासेंटा' म्हणतात. पंख्याच्या आकाराचा जो स्कॅलप, त्याच्याच गणांत याची गणना होते. अमरकोशांत शुक्तीस 'मुक्तास्फोट' असा पर्याय आहे. तो यासही शोभतो. कारण यांत बारीक मोत्यें सांपडतात व तीं औषधांत वापरण्यांत येत असत.

बडोदें संस्थानासाठीं जेम्स हॉर्नेल यांनीं ओखामंडळच्या सागरी जीवांची पाहणी केली. तिचा अहवाल १९०९ सालीं प्रसिद्ध झाला असून त्यांत या शिंपल्याची रचना व उपयोग यांचें वर्णन आहे. काकिनाड्याकडे यापासून चुना भाजीत. फिलिपीन्समध्यें 'कापिस' या नांवानें याचा मोठा व्यापार चालतो.

हा प्राणी उथळ खाडीच्या चिखलावर आडवा पडून राहतो. त्यामुळें ओहोटीच्या वेळीं हातानें, किंवा बुडी मारून, तो सहज वेंचतां येतो. आणि हीच सुलभता त्यास घातक होते. यांत नर व मादी भिन्न असून दोघेही आपलें बीज पाण्यांत सोडतात. वस्ती दाट असेल तरच त्या बीजांचा संयोग होतो. म्हणून वस्ती फार विरळ झाली म्हणजे उरलेले शिंपले जिवंत असूनही वंश वाढत नाहीं.

यावरून काढणीचे नियम आपोआप निघतात: एकदां तरी प्रजोत्पत्ति होण्यापूर्वीं लहान शिंपला काढूं नये, प्रजननकालीं काढणी बंद ठेवावी, वस्तीचे भाग पाळीपाळीनें विश्रांतीस सोडावे, व एका भागास मुळींच हात लावूं नये. झुआरीच्या मुखाशीं नावशी व चिखली येथें याच्या वस्त्या नोंदल्या आहेत. तथापि आपल्या देशांत आतां काढणीचाच प्रश्न उरत नाहीं. २००१ सालीं या शिंपल्याचा समावेश वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या अनुसूचींत झाला.

तेव्हां संग्राहकांस एकच विनंति. जुनें घर पाडलें जात असेल तेथील शिंपल्यांचे तुकडे फेंकूं देऊं नयेत. त्यांचें माप व मूळ स्थान नोंदवून ते दुरुस्तीसाठीं राखावे. खिडकी जुनी राखण्यासाठीं खाडी ओस पडावी, हें आपल्या व्यासंगास शोभणारें नाहीं.