संगणकाची ताकद कोणत्या संशोधनाला द्यावी?

घरचा संगणक रिकामा असताना त्याची गणनशक्ती वैद्यकीय संशोधनाला देता येते. मोठ्या गणिताचे लहान तुकडे इंटरनेटवरून जगभरच्या स्वयंसेवकांच्या संगणकांकडे जातात आणि सुटलेली उत्तरे शास्त्रज्ञांकडे परततात.

निवड करताना आधी कामाचे स्वरूप समजून घ्यावे. २००० साली स्टॅनफर्ड विद्यापीठात सुरू झालेला ‘फोल्डिंग अ‍ॅट होम’ हा प्रकल्प प्रथिनांना घड्या कशा पडतात, त्यांचे आकार कसे बदलतात हे तपासतो. त्यात कर्करोग, अल्झायमर असा पसंतीचा आजार निवडता येतो. ‘वर्ल्ड कम्युनिटी ग्रिड’ या अशाच दुसऱ्या उपक्रमात २०१६मध्ये क्षयाच्या जंतूच्या कवचाचा अभ्यास सुरू झाला. जगात सर्वाधिक क्षयरुग्ण भारतात असल्याने हा विषय आपल्या फार जवळचा आहे.

मग तीन गोष्टी पाहाव्यात: प्रकल्पामागे विद्यापीठ किंवा संशोधनसंस्था आहे का, शोधनिबंध प्रसिद्ध झाले आहेत का, निष्कर्ष सर्वांना खुले आहेत का. सॉफ्टवेअर अधिकृत संकेतस्थळावरूनच घ्यावे. सततच्या गणनेने संगणक तापतो, वीजबिलही वाढते. म्हणून वापराची मर्यादा आधीच ठरवावी. अशा संशोधनातून औषध हाती यायला अनेक वर्षे लागतात. त्यामुळे विचारपूर्वक एक प्रकल्प निवडून त्याला दीर्घकाळ साथ देणे अधिक मोलाचे.