पंप गुणगुणतो म्हणजे दाब आहे, असं नाही

सिंगापूरच्या पश्चिमेकडच्या बुकित बातोकमध्ये स्ट्रीट २३ आणि बुकित बातोक क्रेसेंट या रस्त्यांवर औद्योगिक गाळ्यांत गॅरेजं दाटीनं वसलेली आहेत. वाहनतपासणी करणाऱ्या व्हायकॉमचं केंद्रही स्ट्रीट २३ वरच आहे. या देशात गाडी ठेवण्याचा परवाना, म्हणजे सीओई, दहा वर्षांचा असतो. मुदत संपली की गाडी मोडीत काढायची, नाहीतर चालू दरानं पैसे भरून पाच किंवा दहा वर्षांची मुदत वाढवून घ्यायची. दहा वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स चढत्या क्रमानं जास्त आणि तपासणी दरवर्षी. एवढं सोसून जो माणूस तीस वर्षांची माझदा एमएक्स-५ किंवा टोयोटा एमआर२ सांभाळतो, त्याचा त्या गाडीवर जीव असतो. म्हणून गाडीचा पिकअप गेला, ती झटके द्यायला लागली किंवा गरम असताना सेल्फ मारून मारून बॅटरी उतरली, की तो मिळेल तो सल्ला ऐकतो आणि एकामागून एक पार्ट बदलत जातो. यातले पुष्कळसे सल्ले फ्युएल प्रेशरबद्दलच्या गैरसमजांतून आलेले असतात.

मूळ गोष्ट एवढीच आहे की या पिढीच्या गाड्यांचा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, पेट्रोल मोजत नाही. इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा, एवढंच तो ठरवतो. तेवढ्या वेळात किती पेट्रोल पडेल ते दाबावर अवलंबून असतं आणि दाब ठरल्याइतका आहे असं ईसीयूनं गृहीत धरलेलं असतं. तो तपासायला त्याच्याकडे सेन्सरच नसतो. गृहीत धरलेला दाब प्रत्यक्षात नसेल, तर बाकीचा सगळा हिशेब बरोबर येऊनही मिश्रण चुकतं.

“स्कॅनरला कोड नाही, म्हणजे पेट्रोलची बाजू ठीक”

वर सांगितलेलं कारण इथे थेट लागू पडतं. १९८९ साली शिकागोच्या मोटार प्रदर्शनात आलेल्या पहिल्या एमएक्स-५ मध्ये बिघाडाचे कोड आहेत, पण ते सेन्सर आणि त्यांच्या वायरींचे. पंपाचा जोर निम्म्यावर आला तरी एकही दिवा लागणार नाही, असं सहज होऊ शकतं. ऑक्सिजन सेन्सर थोडीफार कमतरता भरून काढतो, पण फक्त हलक्या वेगात आणि स्लो रेसवर. पूर्ण रेस दिली की ईसीयू त्या सेन्सरकडे बघणं थांबवतो आणि ठरलेल्या तक्त्यावर चालतो, म्हणजे पेट्रोल कमी पडल्याचा त्रास नेमका तिथे उघडा पडतो.

तपासणीत पास झालेल्या गाडीबद्दलही हेच म्हणता येईल. पेट्रोल गाडीचा धूर जागेवर उभी असताना तपासतात. त्या वेळी इंजिनाला लागणारं पेट्रोल इतकं कमी असतं की थकलेला पंपही ते आरामात पुरवतो. तपासणीचा उद्देश प्रदूषणावर लक्ष ठेवण्याचा आहे आणि तो योग्यच आहे. पंपाच्या तब्येतीचा दाखला मात्र त्यातून मिळत नाही.

“पंपाचा आवाज येतोय, म्हणजे पंप चांगला”

आवाजावरून मोटर फिरते आहे एवढंच कळतं. ती किती पेट्रोल ढकलते आणि कशाच्या विरुद्ध ढकलते, हे कळत नाही. टाकीतल्या जाळीत कचरा अडकलेला असला तरी पंप आवाज करतोच, कित्येकदा नेहमीपेक्षा मोठा.

उलट बाजूचा गैरसमज जास्त महाग पडतो. चावी फिरवली, पंपाचा आवाज आला नाही, म्हणून पंप गेला असं ठरवतात. जुन्या इंजेक्शन गाड्यांत हवा मोजायला झडपेचा एअर फ्लो मीटर असे आणि पंपाचा स्विच अनेकदा त्या झडपेलाच जोडलेला असे. अपघातात इंजिन बंद पडलं की पंपही आपोआप थांबावा, हा त्यामागचा हेतू. १.६ लिटरच्या एमएक्स-५ मध्ये हीच रचना आहे. सेल्फ मारताना पंपाला वेगळ्या वाटेनं वीज मिळते, पुढे इंजिन हवा ओढू लागलं की झडप हलते आणि पंप चालू राहतो. मीटर आणि थ्रॉटल यांच्यामधला रबरी पाइप फाटला, तर हवा मीटरला वळसा घालून आत जाते, झडप पुरेशी उघडत नाही आणि गाडी चालू होऊन लगेच बंद पडते. लक्षण हुबेहूब मेलेल्या पंपाचं, पण दुरुस्ती एका रबरी पाइपाची. या गाडीत शंका फेडायला बॉनेटखालच्या डायग्नॉस्टिक खोक्यात एफ-पी आणि जी-एन-डी ही टर्मिनलं वायरीनं जोडून चावी ऑन करावी. पंप चालला, तर दोष पंपात नसून त्याला वीज देणाऱ्या साखळीत आहे.

“गेजवर आकडा बरोबर आला, विषय संपला”

मला सगळ्यात जास्त इथे थांबायचं आहे, कारण गेज लावणारे मेकॅनिकही इथे घाई करतात.

परतीची नळी असलेल्या गाड्यांत जास्तीचं पेट्रोल टाकीकडे परत सोडून दाब सांभाळणारा रेग्युलेटर असतो आणि त्याला एक व्हॅक्यूमची नळी येते. रेग्युलेटर सांभाळतो तो दाब म्हणजे इंजेक्टरच्या दोन बाजूंमधला फरक. वर रेलमधलं, म्हणजे इंजेक्टरांना पुरवठा करणाऱ्या नळीतलं पेट्रोल, खाली मॅनिफोल्डमधली हवा. स्लो रेसवर मॅनिफोल्डमध्ये अर्ध्या बारहून जास्त व्हॅक्यूम असतो, म्हणून रेलमधला दाबही तेवढा खाली येतो. पहिल्या एमएक्स-५ मध्ये व्हॅक्यूमची नळी काढून दाब साधारण २.७ ते ३.१ बार यायला हवा. नळी जोडल्यावर स्लो रेसला तो अर्ध्या बारच्या आसपास कमी दिसतो. हा कमी आकडा बघून कितीतरी चांगले पंप उतरवले जातात. खरं तर नळी जोडल्यावर दाब कमी झाला नाही, तरच काळजी करायची. मग व्हॅक्यूमची नळी तुंबली आहे, फुटली आहे, की रेग्युलेटर अडकला आहे, हे पाहावं. तीच नळी उपटून आत पेट्रोलचा ओलावा किंवा वास सापडला, तर रेग्युलेटरचा पडदा फाटलेला आहे. अशी गाडी काळा धूर सोडते, प्लग काळे करते आणि गेजवर मात्र अगदी सभ्य दिसू शकते.

स्लो रेसचा आकडा आणखी एका कारणानं फसवा असतो. ११५ अश्वशक्तीच्या आसपासचं इंजिन जागेवर चालताना तासाला लिटरभराच्या आगेमागे पेट्रोल पितं आणि पूर्ण ताकदीवर तीस-पस्तीस लिटर. गेज लांब नळीनं काचेबाहेर वायपरखाली टिकवून, शेजारी बसलेल्या माणसाला वाचायला सांगून, रस्त्यावर दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये पूर्ण रेस दिल्यावर जो आकडा टिकतो तोच खरा. रेस दाबल्यावर दाब वर जायला हवा, कारण व्हॅक्यूम संपतो. वर जाऊन तो हळूहळू घसरू लागला, तर पुरवठा कमी पडतोय. ज्यांना हे रस्त्यावर करायचं नाही, त्यांनी परतीच्या नळीतून तीस सेकंदांत किती पेट्रोल येतं ते मापात धरावं आणि गाडीच्या वर्कशॉप मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडून पाहावं. दाब आणि प्रमाण या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तुंबलेला फिल्टर पहिली चाचणी पास होऊन दुसरीत पडतो.

फक्त लांब वळणावर गाडी दम सोडत असेल आणि टाकी अर्ध्याखाली असेल, तर पेट्रोल एका बाजूला जाऊन पंप हवा ओढत असण्याची शक्यता आधी तपासावी. मलेशियात जाताना सिंगापूरच्या गाडीची टाकी किमान तीन चतुर्थांश भरलेली असावी लागते. पलीकडे जाताना गाडी छान पळाली आणि येताना कुरकुरली, तर हा खुलासा लक्षात ठेवावा.

“गरम असताना चालू होत नाही, सिंगापूरच्या उकाड्याचा दोष”

सिंगापूरचं आजवर नोंदलेलं सर्वोच्च तापमान ३७ अंश आहे. चंद्रपूर-नागपूरला मे महिन्यात त्याहून कितीतरी जास्त उन्हात इंजेक्शनच्या गाड्या एका सेल्फला चालू होतात. पेट्रोलची वाफ होऊन गाडी बंद पडणं ही कार्ब्युरेटरच्या काळातली तक्रार. तिथे पेट्रोल जवळजवळ बिनदाबाचं असायचं. दाबाखालचं पेट्रोल उकळायला जास्त तापमान लागतं, म्हणूनच गाडी बंद केल्यावरही नळ्यांत दाब टिकून राहील अशी सोय इंजेक्शनमध्ये केलेली असते. उष्णता काही नवी नसते. टिकायला हवा तो दाब निसटतो, तेव्हा मात्र तिचा त्रास होतो. टोयोटाच्या त्या काळातल्या अनेक इंजिनांत तर गरम सुरुवातीच्या वेळी रेग्युलेटरचा व्हॅक्यूम थोडा वेळ तोडून दाब मुद्दाम वाढवणारा व्हॉल्व्ह होता. तो अडकला तरी असाच त्रास होतो.

दाब कुठून निसटतो ते शोधायला पार्ट बदलावे लागत नाहीत. गेज लावून दाब भरावा, पंप बंद करावा. एमएक्स-५ मध्ये पाच मिनिटांनंतर दीड बार तरी उरला पाहिजे. उरला नाही, तर पुन्हा दाब भरून टाकीकडून येणारी नळी लगेच चिमट्यानं दाबावी. आता टिकला, तर पंपातला एकमार्गी व्हॉल्व्ह किंवा टाकीतली नळी गळते आहे. परतीची नळी दाबल्यावर टिकला, तर रेग्युलेटर. दोन्हींनी फरक पडला नाही, तर एखादा इंजेक्टर सिलिंडरमध्ये ठिबकतो आहे, आणि त्याचा प्लग ओला सापडेल. कडक झालेली जुनी नळी चिमट्यात धरू नये, ती तडकते. अशी नळी तसंही बदलायलाच आलेली असते.

“दाब वाढवला की ताकद वाढते”

इंजेक्टरमधून जाणारं पेट्रोल दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतं. ३ बारचे ३.५ केले तर पेट्रोल साधारण ८ टक्के वाढेल, आणि मिश्रण आधी बरोबर असेल तर ते जास्तीचं पेट्रोल ताकद वाढवण्याऐवजी फक्त प्लग काळे करेल. वर, दाब वाढला की तोच पंप कमी प्रमाण देतो. ९८ ऑक्टेननं दाबाचा त्रास जाईल हाही भ्रम आहे. ऑक्टेनचा संबंध नॉकिंगशी असतो.

“सगळ्या इंजेक्शन गाड्या एकाच रीतीनं तपासायच्या”

१९७८ ते १९८३ ची पोर्शे ९११ एससी घेतली, तर तिच्यातलं बॉशचं के-जेट्रॉनिक इंजेक्शन मुळात यांत्रिक आहे. तिथे मुख्य दाब, थंड आणि गरम इंजिनाचा नियंत्रक दाब, आणि बंद केल्यानंतर उरणारा दाब असे वेगवेगळे आकडे पाहावे लागतात, मधोमध व्हॉल्व्ह असलेलं खास गेज लागतं, आणि मुख्य दाबच साडेचार बारच्या वर असतो. वर सांगितलेल्या चाचण्या त्या गाडीवर तशाच्या तशा करू नयेत.

“दाब कमी, म्हणजे नवीन पंप”

व्हॅक्यूम नळी काढून दाब कमी आला, की परतीची नळी क्षणभरच, हळूहळू दाबावी, डोळा गेजवर ठेवून. दाब झपकन वर गेला, तर पंपात जोर आहे आणि रेग्युलेटर पेट्रोल परत सोडतो आहे. वर गेला नाही, तरच पंपाच्या बाजूला वळायचं, आणि तिथेही पंप शेवटी. आधी पंप चालू असताना त्याच्या कनेक्टरवर व्होल्ट मोजावेत. बॅटरीवर साडेतेरा आणि पंपावर साडेअकरा असतील, तर मधले दोन व्होल्ट कुठल्यातरी हिरवट पडलेल्या कनेक्टरनं, रिलेनं किंवा गंजलेल्या अर्थिंगनं खाल्ले आहेत. सिंगापूरच्या दमट हवेत तीस वर्षं काढलेल्या वायरिंगमध्ये हे अगदी नित्याचं आहे. मग फिल्टर, मग टाकीतली जाळी.

हे काम एचडीबीच्या, म्हणजे सरकारी घरांच्या, पार्किंगमध्ये करू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खाली साचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत पोचते. नळी सोडण्याआधी पंपाचा फ्यूज किंवा रिले काढून इंजिन बंद पडेपर्यंत चालवावं, म्हणजे दाब उतरतो. मोकळी हवा, अग्निशामक आणि हे काम रोज करणारा माणूस असलेलं गॅरेज हीच त्याची जागा.

आणि नवीन पंप टाकूनही दाब कमीच राहिला, तर टाकीच्या आतली वीतभर नळी पाहावी. पंपाचं तोंड आणि वरची धातूची नळी जोडणारा हा तुकडा चोवीस तास पेट्रोलमध्ये बुडालेला असतो. बाहेर वापरायची इंजेक्शन नळी, म्हणजे एसएई जे३०आर९ प्रतीची, आतून पेट्रोल सोसते, पण तिचं बाहेरचं आवरण पेट्रोलात बुडून राहण्यासाठी नसतं. ते फुगतं, मऊ पडतं आणि नळी दाबाखाली चिरते. मग पंपाचं पेट्रोल टाकीतल्या टाकीत परत पडतं. बुडणाऱ्या जागेसाठी जे३०आर१० प्रतीची नळी मिळते. ती महाग असते आणि दुकानात मागितल्याशिवाय कोणी देत नाही, म्हणून पंपाची ऑर्डर देतानाच ती आणि तिच्या दोन्ही क्लिपा वेगळ्या मागवाव्यात.