मुलांचा इसब आणि झाडपाल्याचा इलाज
(लेखांक सहावा)

मागील लेखांकात खरजेचा विचार झाला. तिच्याशी ज्याची वारंवार गल्लत होते, परंतु जो एकापासून दुसऱ्यास लागत नाही, तो लहान मुलांचा इसब हा आजचा विषय. उल्हास आणि पाताळगंगा यांच्या खोऱ्यांतील कर्जत-खालापूर तालुक्यांत, जिथे ओढ्याकाठी करंज उभे असतात आणि कातकरी-ठाकरांपाशी वनस्पतींचे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे, तिथे कोपराच्या नि गुडघ्याच्या लवणीत रात्रभर खाजवून रक्ताळलेले पोर पाहून आईने प्रथम झाडपाल्याकडे वळावे, हे स्वाभाविकच होय. तिच्या या ओढीची हेटाळणी करू नये. मात्र कोणता उपाय दुखण्याच्या मुळाशी जातो, याची शहानिशा अवश्य करावी.

कुडाच्या भिंतीचे लिंपण तडकले म्हणजे आतली ऊब बाहेर जाते आणि बाहेरची धूळ आत शिरते, तशीच इसबाच्या त्वचेची अवस्था असते. २००६ साली स्कॉटलंडमधील डंडी विद्यापीठाच्या संशोधकांनी असे दाखविले की, त्वचेचे हे आवरण घडविणाऱ्या फिलाग्रिन नामक प्रथिनाच्या जनुकातील दोष पुष्कळ रुग्णांत या व्याधीस कारणीभूत होतो. म्हणून स्निग्धता हाच पहिला इलाज ठरतो. कोमट पाण्याने थोडक्यात आंघोळ घालावी, कडक साबण वर्ज्य करावा, अंग न घासता टिपून घ्यावे आणि ते ओलसर असतानाच तेल लावावे. फिलिपिन्समध्ये ११७ मुलांवर आठ आठवडे झालेल्या आणि २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, न तापविता काढलेले शुद्ध खोबरेल हे खनिज तेलाहून सरस ठरले. करंजतेल मात्र उग्र; ते लावायचेच असल्यास आधी हाताच्या धडधाकट त्वचेवर थेंबभर लावून दोन दिवस वाट पाहावी.

याउलट, चिघळलेल्या जागी पाल्याचा लगदा थापू नये. आणि बिब्बा तर मुलाच्या अंगाजवळही आणू नये, कारण त्याच्या चिकाने कातडी भाजून फोड येतात. बाळाला डाळीचे पीठ व दूध लावून न्हाऊ घालण्याचा शिरस्ताही इसब असताना मोडावा. अन्नातील प्रथिने भेगाळलेल्या त्वचेतून शरीरात गेल्यास पुढे त्याच अन्नाचे वावडे निर्माण होण्याचा धोका संभवतो.

पू, पिवळी खपली, ताप किंवा एकाएकी उठलेले पाण्याचे फोड दिसताच घरगुती उपाय थांबवून रुग्णालय गाठावे. डॉक्टरांनी नेमून दिलेले स्टिरॉइडचे मलम ठरलेल्या मुदतीत लावण्यास भिऊ नये. दुकानातून परस्पर आणलेली, किंवा घटकद्रव्यांचा उल्लेखही नसलेली ‘वनौषधी’ मलमाची डबी मात्र खचित टाळावी. तेल ही त्वचेची रोजची निगा आहे आणि मलम हा भडका शमविण्याचा उपाय. दोहोंना आपापल्या जागी राबविणाऱ्या आईला झाडपाला आणि दवाखाना यांपैकी एकाचीच निवड करण्याचे कारण उरत नाही.

पुढील लेखांकात पावसाळ्यातील गजकर्णाचा विचार करू.