खाण बंद, पंप सुरू

एसेन : २१ डिसेंबर २०१८ रोजी बॉट्रॉप शहरातल्या प्रोस्पर-हानिएल खाणीतून कोळशाचा शेवटचा तुकडा वर आला. खाणकामगारांनी तो राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर यांच्या हाती दिला आणि जर्मनीतल्या दगडी कोळशाचा कारभार आटोपला. खर्चाचं एक खातं मात्र तेव्हापासून नव्याने उघडलं. ते मिटायची तारीख कुणीही ठरवलेली नाही, कारण ते मिटणारच नाही असं सगळे धरून चालले आहेत.

ही खाण ज्या रूर खोऱ्यात होती, तिथे अलीकडच्या काळात कोळसा हजार-बाराशे मीटर खोलीवरून काढत. थर कापत पुढे सरकायचं आणि मागचं छत कोसळू द्यायचं, ही पद्धत. वरची जमीन मग बशीसारखी खोलगट होते. बशीच्या मधोमध असलेलं घर सरळ खाली बसतं, त्याचं फारसं बिघडत नाही. काठावरचं घर कलतं, ताणलं जातं, भिंतींना तडे जातात. दीड शतकाच्या खोदकामाने इथली जमीन काही ठिकाणी वीस मीटरहून अधिक खचली आहे. पावसाचं पाणी आपल्या पायाने नदीपर्यंत जाऊ शकत नाही, ते उपसून चढवावं लागतं. पंप थांबले तर या दाट वस्तीच्या पट्ट्याचा मोठा भाग तळ्यांखाली जाईल.

इथल्या एम्शर नदीचे हाल तर विचारू नका. जमीन हलत असताना भूमिगत गटारं टाकली तर ती फुटणार, म्हणून या नदीलाच काँक्रीटचं उघडं गटार करून टाकलं. शंभर वर्षं कारखान्यांचं आणि घरांचं सांडपाणी लोकांच्या खिडक्यांखालून वाहत होतं. खाणकाम उत्तरेकडे सरकलं, जमीन स्थिरावली, तेव्हा कुठे १९९२ मध्ये दुरुस्ती सुरू झाली. डॉर्टमुंडपासून डिन्सलाकेनपर्यंत सुमारे ५१ किलोमीटरची मलवाहिनी जमिनीखाली गेली. २०२१ च्या अखेरीस नदी सांडपाण्यातून सुटली. खर्च ५०० कोटी युरोंहून जास्त.

जमीन खचण्याचा फायदा उठवल्याचंही एक उदाहरण इथे आहे. ऱ्हाईन नदीने आपलं पात्र खोल केल्यामुळे ड्यूसबुर्गच्या बंदरात पाणी कमी पडू लागलं होतं. मग १९५० आणि ६० च्या दशकांत बंदराखालचाच कोळसा मोजूनमापून काढला आणि अख्खं बंदर सुमारे दोन मीटर खाली बसवलं. जर्मन इंजिनिअर या गोष्टीचा अभिमान बाळगतात, आणि तो रास्तच आहे.

पैशाची व्यवस्था मला या सगळ्यात सर्वांत लक्षवेधी वाटते. खाण बंद व्हायच्या अकरा वर्षं आधी, २००७ मध्ये, ‘राग’ या खाण कंपनीची मालकी एका प्रतिष्ठानकडे दिली गेली. कंपनीचा रसायन व्यवसाय, म्हणजे आजची ‘एव्होनिक’, त्याच्या झोळीत टाकला. खाणीतलं पाणी उपसणं, खचलेल्या भागांतून पावसाचं पाणी बाहेर काढणं, जुन्या कोक कारखान्यांखालचं भूजल स्वच्छ करणं, ही कधीच न संपणारी कामं २०१९ पासून या प्रतिष्ठानच्या गुंतवणुकीच्या उत्पन्नातून चालतात. वर्षाला ३० कोटी युरोंच्या आसपास. म्हणजे इथली तळघरं कोरडी राहणं बऱ्याच अंशी एका रसायन कंपनीच्या लाभांशावर अवलंबून आहे. प्रतिष्ठानचे पैसे कधी अपुरे पडले तर राज्यं आणि केंद्र सरकार भरतील, असा करारही २००७ मध्येच झाला.

ही सामुदायिक कामं झाली. एखाद्याच्या घराला तडा गेला तर? १९८० च्या खाण कायद्यात १२० वं कलम आहे. भूमिगत खाणीच्या प्रभावक्षेत्रात घराला खाणकामामुळे होऊ शकेल अशी इजा झाली, तर ती खाणीमुळेच झाली असं कायदा गृहीत धरतो. तसं नाही, बांधकामच कच्चं होतं किंवा कारण दुसरं आहे, हे कंपनीने दाखवायचं. मग मोजणीदार येतो, मीटरमागे किती मिलिमीटर कल आहे ते लिहून घेतो. कल थोडा असेल तर किंमत घटल्याची भरपाई. जास्त असेल तर तळघरातल्या भिंती आडव्या कापून फटीत हायड्रॉलिक जॅक बसवतात आणि घर सावकाश उचलून सरळ करतात.

आता आपल्याकडचं उदाहरण घ्या. चंद्रपूर जिल्ह्यातल्या घुग्घुसमध्ये ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहतं घर बघता बघता साठ-सत्तर फूट खड्ड्यात गेलं. खाली जुनी भूमिगत खाण होती. आपल्याकडेही २००९ पासून खाण बंद करण्याच्या खर्चासाठी कंपनीला एस्क्रो खात्यात पैसे ठेवावे लागतात. पण घुग्घुसकरांना हे १२० वं कलम वाचून दाखवलं तर ते काय म्हणतील, याचा मी विचार करतो.

जर्मनीतही सगळं आलबेल नाही. रूरच्या दक्षिणेला कोळसा जमिनीलगत होता, तिथे खाणीत उतरायच्या जुन्या काळच्या असंख्य विहिरी आणि बोगदे अर्धवट भरून सोडलेले आहेत. २ जानेवारी २००० रोजी बोखुमच्या वाटेनशाइड भागात विसाव्या शतकाच्या आरंभी बंद झालेल्या खाणीची विहीर कोसळली आणि गॅरेजसकट जमीन आत गेली. अशा जागी खाणीचा कायदेशीर वारस सापडला तर तो जबाबदार, नाही तर आर्न्सबेर्गच्या सरकारी खाण कचेरीने धावायचं.

त्यात नवं त्रांगडं असं की खाण बंद झाल्यावर जमीन वरही येते. हॉलंडच्या सीमेजवळची सोफिया-याकोबा खाण १९९७ मध्ये बंद झाली, आत पाणी चढू लागलं आणि शेजारच्या वासेनबेर्ग गावात खडकाच्या जुन्या भेगेच्या एकाच बाजूची जमीन उचलली गेली. घरं खचण्याने नव्हे, उचलण्याने तडकली. रूरमध्येही आता पाणी ठरावीक पातळीपर्यंत चढू द्यायचं आणि उपसा केंद्रं निम्म्यावर आणायची, असं धोरण आहे. कमी खोलीवरून उपसा केला की वीज वाचते, हे उघड आहे. पण त्या पाण्यात मीठ आहे, जुन्या यंत्रांच्या तेलातली पीसीबी रसायनं आहेत, आणि वर पिण्याच्या पाण्याचे थर आहेत. पाणी किती मीटरवर थांबवायचं यावर त्यामुळे नगरपालिका, पर्यावरणवादी आणि कंपनी यांच्यात वाद चालू आहे. बचत प्रतिष्ठानची होणार आणि धोका नळ उघडणाऱ्याचा, तेव्हा प्रत्येक मीटरचा हिशेब लोकांपुढे मांडला जावा, हा आग्रह मला अवाजवी वाटत नाही.