करडईच्या पाकळीतला कुसुंबी

हरभऱ्याच्या शेताभोवती करडईच्या दोन-चार ओळी पेरायच्या, ही जुनी शेतकरी युक्ती. काटे असे की गुरं आत तोंड घालत नाहीत. वऱ्हाडात करडई ओळखीची ती घाण्याच्या तेलामुळे आणि हिवाळ्यातल्या कोवळ्या भाजीमुळे. तिच्या शास्त्रीय नावात मात्र तेल नाही, रंगारी आहे: कार्थॅमस टिंक्टोरियस. यातला ‘टिंक्टोरियस’ म्हणजे रंगाऱ्याच्या कामाचा. नववारीच्या वर्णनात येणारा ‘कुसुंबी’ रंग तो हाच.

फूल उमलतं ते पिवळं. सुकत जातं तसं केशरी-लाल होतं. पाकळीत दोन रंग असतात आणि त्यांचे स्वभाव अगदी उलटे. पिवळा भरपूर, पण साध्या पाण्यातही निघून जाणारा. लाल मात्र शेकडा एक भागही नाही, आणि पाण्यात विरघळत नाही. म्हणून जुने रंगारी सुकलेल्या पाकळ्या फडक्यात बांधून आधी पिवळं पाणी निथळेपर्यंत धूत राहत. मग सज्जीखार घालून त्या मळायच्या. खाराच्या पाण्यात लाल रंग सुटतो. त्या पाण्यात सुती कापड बुडवून लिंबाचा रस घातला, की रंग पाण्यातून निघून धाग्याला चिकटतो. एका बुडीत गुलाबी, पुन्हा पुन्हा बुडवलं की लालभडक. तुरटी लागत नाही, हिरडाही लागत नाही. पळसाच्या फुलांचा रंग सुतावर पक्का बसवायचा तर या दोघांशिवाय भागत नाही.

कुसुंबीची खोड एकच. ज्या खारानं रंग निघाला, त्याच खाराचा साबण लागला की तो कापडावरूनही निघतो. ऊनही त्याला सोसत नाही. तरी हा रंग वापरात राहिला, बहुधा दिसायला तसा दुसरा नसल्यामुळे. जपानात याच फुलापासून ओठांचा ‘बेनी’ रंग करतात.

निळीचा प्रकार वेगळा. निळीच्या हिरव्या पानात निळा रंग दिसतच नाही. पानं पाण्यात कुजवली, की त्यातलं बिनरंगी द्रव्य मोकळं होतं; ते पाणी घुसळून हवा खेळवली, की निळा गाळ खाली बसतो. रंगवताना हा गाळ पुन्हा खाराच्या पाण्याच्या हौदात आंबवून विरघळवावा लागतो. त्या हौदातून कापड वर येतं ते पिवळट-हिरवं आणि हवा लागली की डोळ्यांदेखत निळं होतं. नीळ हे शेंगवर्गी झाड, त्यामुळे रंग काढून उरलेला चोथा जमिनीला खत म्हणून चालतो.

अशा झाडापानांच्या रंगांचा धंदा जर्मन प्रयोगशाळांनी मोडला. १८६९च्या सुमारास मंजिष्ठेचा लाल रंग कारखान्यात होऊ लागला, आणि १८९७ मध्ये बीएएसएफ कंपनीनं कृत्रिम नीळ बाजारात आणली. ठरलेल्या छटेची, स्वस्त, हव्या तेवढ्या पोत्यांत मिळणारी पूड समोर असताना लिंबू पिळत बसणार कोण?

आज अकोल्यात करडईवर काम चालतं ते बियांसाठी. डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठानं ‘एकेएस २०७’ आणि ‘पीकेव्ही पिंक’ हे वाण दिले. पाकळ्यांचा विचार करायचा, तर अडचण रसायनाची नसून काट्यांची आहे. काढणीसाठीसुद्धा मजूर पहाटे शेतात जातात, कारण दंवानं काटे जरा नरम पडतात. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं ‘नारी ६’ हा बिनकाट्याचा वाण तयार केला, तेव्हा पाकळ्या वेचणं हातांना झेपू लागलं.

शिवाय या पिकात दोन्ही हिशेब एकाच झाडावर जमतात. दाणा भरल्यावर, सुकलेल्या फुलाच्या पाकळ्या खुडल्या तर तेलाला धक्का लागत नाही. तोवर पाकळी पुरती लाल झालेली असते आणि एरवी ती मातीतच गळून जाते.