‘पश्चात्ताप’ शब्दाची कुळकथा

पत्रांत, वर्तमानपत्रांत, फार काय मुलांच्या वह्यांतही ‘पश्चाताप’ असा एकाच ‘त’चा शब्द आम्हांस वारंवार आढळतो. वस्तुतः ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून आणि ‘ताप’ म्हणजे दाह, अशा दोन शब्दांचा हा समास. तेव्हां त्यांत ‘त’ची जोडी अवश्य हवी. आपला घरगुती ‘पस्तावा’ हीच साक्ष देतो. प्राकृतांतून मराठींत उतरतांना दोन स्वरांमधील एकटा ‘त’ बहुधा गळतो. शताचें ‘शें’ झालें तें असेंच. पस्ताव्यांतला ‘त’ मात्र टिकला, कारण तो मुळांत जोड होता. दीपाचा दिवा होतांना ‘प’चा ‘व’ झाला, तसा तो येथेंही झाला.

याच ‘तप्’ धातूपासून तप, संताप व अनुताप हे शब्द निघाले. अनुताप फार जुना. पाणिनीनें अष्टाध्यायीच्या तिसऱ्या अध्यायांत त्याचा सूत्रांत उल्लेख केला आहे. इंग्रजी ‘रिमोर्स’ शब्दाच्या मुळाशीं लॅटिनमधील ‘पुन्हा चावणें’ हा अर्थ आहे. तेथें मन चावतें, आपल्याकडे तें जळतें!

मराठींत खेदाच्या पायऱ्याही पुष्कळ. गाडी चुकली कीं चुटपुट लागते. पाहुण्याची सोय नीट झाली नाहीं कीं रुखरुख. परक्याच्या दुःखानेंही जीव हळहळतो. पश्चात्तापास मात्र स्वतःचें कृत्य लागतें.

पण नुसतें जळणें पुरे काय? मनुस्मृतीच्या ११ व्या अध्यायांत पापमुक्तीचीं साधनें सांगतांना पहिलें स्थान ‘ख्यापना’स, म्हणजे केलेलें उघड सांगण्यास दिलें आहे, अनुताप, तप व अध्ययन हीं त्यामागून येतात. पुढें असेंही म्हटलें आहे कीं, ‘पुन्हा असें करणार नाहीं’ या निवृत्तीनेंच मनुष्य शुद्ध होतो. ‘उपरति’ या शब्दाचा मूळ अर्थही थांबणें हाच.

आपल्या एकत्र कुटुंबांत हा क्रम नेमका उलटतो, असें आम्हांस वाटतें. सुनेस नाहक बोल लावल्यावर सासूबाई मनांत झुरतील, एकादशी कडक करतील. वडिलांस उलट बोललेला मुलगा रात्र तळमळत काढील. परंतु ‘माझें चुकलें’ हे दोन शब्द, ज्याचें मन दुखावलें त्याच्यापाशीं, ओठांवर येत नाहींत. ‘पश्चात्’ म्हणजे मागाहून खरें. पण ऐकणारें माणूस निघून गेल्यावर, इतकें मागाहून नव्हे!