ग्रंथ, वाचक आणि ग्रंथ देणारा : जीवन बदलणाऱ्या ललितेतर ग्रंथांविषयी

प्रस्तावना

ग्रंथ माणसाचे जीवन बदलतात, हे विधान महाविद्यालयाच्या व्यासपीठावरून आपण सर्वांनीच अनेकदा केले आहे. ते कोणत्या परिस्थितीत खरे ठरते, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते. यशाची सूत्रे सांगणारी पुस्तके विद्यार्थी आवडीने वाचतात. परंतु वाचनानंतर चार दिवस टिकणारा उत्साह म्हणजे परिवर्तन नव्हे. प्रस्तुत लेखात चरित्र, आत्मचरित्र, वैचारिक व शास्त्रीय लेखन या ललितेतर वाङ्मयाचा विचार केला असून, ग्रंथाचा परिणाम कशावर अवलंबून असतो हे नाशिक जिल्ह्याच्या इतिहासाशी निगडित अशा एका उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे.

१. केळुसकरांनी दिलेले पुस्तक

डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १३ ऑक्टोबर १९३५ रोजी नाशिक जिल्ह्यातील येवला येथे धर्मांतराची घोषणा केली. त्यापूर्वी २ मार्च १९३० रोजी नाशिक येथे काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला होता. दादासाहेब गायकवाड व त्यांच्या सहकाऱ्यांनी तो पुढे अनेक वर्षे चालविला. येवल्याच्या घोषणेत कोणता धर्म स्वीकारणार हे सांगितलेले नव्हते. ते उत्तर प्रत्यक्ष कृतीत उतरले १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूर येथे. या दीर्घ प्रवासाचा एक धागा मात्र विद्यार्थिदशेत हाती आलेल्या एका मराठी चरित्रग्रंथापर्यंत मागे जातो.

तो ग्रंथ म्हणजे कृष्णाजी अर्जुन केळुसकर यांचे १८९८ साली प्रसिद्ध झालेले गौतम बुद्धाचे चरित्र. भीमराव आंबेडकर यांच्या परीक्षेतील यशाबद्दल झालेल्या सभेत केळुसकर गुरुजींनी तो त्यांना भेट दिला. चरित्रकार सामान्यतः हा प्रसंग १९०७ च्या मॅट्रिकच्या परीक्षेशी जोडतात. ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथासाठी १९५६ साली लिहिलेल्या प्रस्तावनेत स्वतः बाबासाहेबांनी मात्र इंग्रजी चौथीच्या परीक्षेचा उल्लेख केला आहे. अशा कौतुकाने मुलाच्या डोक्यात हवा जाईल, म्हणून वडिलांचा सभेला विरोध होता, असेही तेथे नमूद आहे. केळुसकर हे वडिलांचे स्नेही व व्यवसायाने शिक्षक. पुढे बडोदे संस्थानची शिष्यवृत्ती मिळवून देण्यातही त्यांचे साहाय्य झाले. म्हणजेच त्यांचे काम पुस्तक देऊन संपले नाही.

२. रिकामे मन आणि प्रश्न असलेले मन

याच प्रस्तावनेतील आणखी एक भाग अध्यापकांच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. रामजी आंबेडकर यांच्या घरात रामायण-महाभारताचे वाचन नियमाने होत असे. हे ग्रंथ कशासाठी वाचावयाचे, असे मुलाने विचारले असता, कर्ण किंवा वाल्मीकी यांच्यासारख्या सामान्य स्थितीतून वर आलेल्या व्यक्तींमुळे आपल्या समाजातील मुलांच्या मनातील न्यूनगंड जावा, असे कारण वडिलांनी दिले. मुलाचे त्याने समाधान झाले नाही. बुद्धचरित्राकडे आपण रिकाम्या मनाने गेलो नव्हतो, तुलना करण्यास आवश्यक ती पार्श्वभूमी आपल्यापाशी होती, असे बाबासाहेबांनी स्पष्ट केले आहे.

यावरून पहिला मुद्दा सिद्ध होतो. ग्रंथ वाचकाच्या मनात शून्यातून काही निर्माण करीत नाही. मनात आधीपासून असलेल्या प्रश्नाला तो वाट दाखवितो. प्रश्नच नसेल तर उत्तम ग्रंथही केवळ माहिती ठरतो.

३. परिणामाचा कालावधी

दुसरा मुद्दा कालावधीचा आहे. महात्मा फुले यांनी टॉमस पेन यांचे ‘राइट्स ऑफ मॅन’ १८४७ साली वाचले आणि १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा काढली. येथे वाचन व कृती यांत जेमतेम एक वर्षाचे अंतर दिसते. अर्थात या कृतीमागे एकटा ग्रंथ नव्हता. अहमदनगर येथील मिशनच्या मुलींच्या शाळेचे प्रत्यक्ष उदाहरणही त्यांच्यासमोर होते. बाबासाहेबांच्या बाबतीत मात्र सुमारे अर्धशतक गेले. मधल्या काळात १९४६ साली मुंबईत स्थापन झालेल्या महाविद्यालयाला त्यांनी ‘सिद्धार्थ’ हे नाव दिले. म्हणून वाचनानंतर आठवडाभरात सारांश लिहून घेऊन ग्रंथाचा परिणाम मोजता येईल, ही अपेक्षा चुकीची आहे.

४. कामाची पद्धत बदलणारा ग्रंथ

सर्वच ग्रंथांकडून एवढ्या व्यापक परिवर्तनाची अपेक्षा करण्याचे कारण नाही. काही ग्रंथ रोजच्या कामाकडे पाहण्याची दृष्टी देतात. वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ (१९८१) हे याचे सर्वपरिचित मराठी उदाहरण होय. कापसाच्या सततच्या पिकाने निकस झालेल्या जमिनीत भुईमुगासारखे शेंगवर्गीय पीक घेतल्यास नत्राची भरपाई होते, हे शास्त्र जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी अमेरिकेतील टस्कीगी येथून गरीब शेतकऱ्यांपर्यंत पोहोचविले. त्यासाठी साध्या भाषेतील पत्रके काढली, १९०६ पासून अवजारे व नमुने घेतलेली गाडी गावोगाव फिरविली. कांदा व द्राक्ष यांवर अर्थकारण उभे असलेल्या नाशिक जिल्ह्यातील विद्यार्थ्याला हे चरित्र परके वाटू नये. यशाची सूत्रे सांगणारे पुस्तक केवळ निष्कर्ष देते. असे चरित्र मात्र हाताशी असलेल्या साधनांतून काम कसे उभे करावे, ही रीत दाखविते.

५. नाशिक आणि अध्यापकाची जबाबदारी

नाशिकला ग्रंथांची उणीव नाही. येथील सार्वजनिक वाचनालय १८४० सालचे आहे. १९८९ साली स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने नोकरी वा शेती करणाऱ्यांसाठी स्वयं-अध्ययनाची पुस्तके तयार केली. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या माध्यमातून विनायक रानडे यांनी २००९ साली सुरू केलेल्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमाने पुस्तकांच्या पेट्या थेट वाचकांपर्यंत नेल्या. यांतून ग्रंथ दारापर्यंत येतो. तो नेमक्या हातात देण्याचे काम मात्र विद्यार्थ्याला ओळखणारी व्यक्तीच करू शकते.

सुरगाणा, पेठ, कळवण या तालुक्यांतून येणारे अनेक विद्यार्थी त्यांच्या घरातील महाविद्यालयात पोहोचलेली पहिलीच पिढी असतात. अशा विद्यार्थ्याच्या हाती तीन वर्षांत केवळ गाईड व अपेक्षित प्रश्नसंच आले, तर पदवी मिळूनही ग्रंथाशी त्याची भेट झालेली नसते. ती पुढे होईलच, याची शाश्वती नाही. या दृष्टीने काही साध्या गोष्टी करता येतील. सर्व वर्गाला एकच यादी देण्याऐवजी विद्यार्थ्याचा प्रश्न ऐकून एकच ग्रंथ सुचवावा. तो स्वतः वाचलेला असावा. शक्य तेव्हा आपल्या हाताने द्यावा. आणि त्यावर गुण ठेवू नयेत.

समारोप

ग्रंथाने जीवन बदलण्यासाठी वाचकाच्या मनातील प्रश्न, तो ओळखून ग्रंथ देणारी व्यक्ती आणि परिणामासाठी पुरेसा काळ, या तिन्हींची आवश्यकता असते. केळुसकर १९३४ साली निवर्तले. त्यांना येवल्याची घोषणा ऐकावयास मिळाली नाही, नागपूरचा सोहळाही पाहावयास मिळाला नाही. आपण दिलेल्या पुस्तकाचे पुढे काय झाले, हे शिक्षकाला बहुधा कळत नाही. तरीही पुस्तक देत राहणे, हा अध्यापनाचाच भाग होय.